लुकलुकणारे बूट

आमच्या हिने लक्ष्मी रोडवरून नातीसाठी बूट घेतले. गुलाबी. पाऊल टाकलं की टाचेत लाल-निळे दिवे लागणारे. दुकानदाराने ते काउंटरवर आपटून दाखवले, हिने खात्री म्हणून पुन्हा आपटले, आणि पैसे देणारा या नात्याने मीही एकदा आपटून घेतले. मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या मधोमध बसून ते बूट डॅलसजवळच्या एका गावी सुखरूप पोचले. नातीने रविवारभर घर डोक्यावर घेतलं. सोफ्यामागे अंधारात बसून पाय आपटले, दिवे पाहिले, पुन्हा आपटले. सोमवारी तेच बूट घालून शाळेला निघाली, तर सूनबाईंनी दारातच अडवलं.

"आई, हे घरात घालायला ठेवू. शाळेत नकोत."

"का गं? गणवेश असतो का इथे?"

"नाही. ड्रिलमध्ये दिसतात."

हिला वाटलं कवायत. कवायतीत बूट दिसले तर बिघडलं काय? उलट 26 जानेवारीला शोभून दिसतील! मग सूनबाईंनी पोळीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळता गुंडाळता सांगितलं. वर्गाचं दार आतून लावायचं. दिवे घालवायचे. दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळ्यांनी एकमेकांना चिकटून बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, शिंकायचं नाही. बाहेर बंदूक घेतलेला माणूस आहे असं समजायचं. अशा वेळी कोपऱ्यात लाल-निळा दिवा लुकलुकला तर?

एवढं सांगून तिने डब्यात सफरचंदाच्या फोडी भरल्या आणि झाकण लावलं. आवाजात काहीही नव्हतं. आपल्याकडे "पाऊस आहे, छत्री ने" म्हणतात ना, तसं.

नात सहा वर्षांची आहे. पहिलीत.

*

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत या कवायतीचं एक तीन कलमी सूत्र शिकवतात: कुलूप, दिवे, दृष्टीआड. इंग्रजीत त्याचं यमकही जुळतं. मराठीत आपली म्हण तयारच आहे. दृष्टीआड सृष्टी. फरक इतकाच की आपल्या म्हणीत डोळे मिटणारा मोठा माणूस असतो, तिथे कोपऱ्यात बसणारं पहिलीतलं पोर असतं. म्हणजे म्हणीची दोन टोकं दोघांनी वाटून घेतली आहेत. पोरांनी दृष्टीआड व्हायचं आणि मोठ्यांनी सृष्टी पाहायची नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल गावी 2018 साली बालवाडीच्या भिंतीवर या कवायतीचं गाणं लावलेलं एका आईला दिसलं. चाल 'ट्विंकल ट्विंकल'ची. कवीचं कौतुक करायला हवं. पाच वर्षांच्या मुलांना मृत्यूची तालीम द्यायची आणि वृत्तात चूक होऊ द्यायची नाही, हे येरागबाळ्याचं काम नोहे. मोठ्यांसाठी ह्यूस्टन शहराने 2012 मध्ये एक चित्रफीत काढली. तिचा मंत्र: पळा, लपा, लढा. आता कचेऱ्यांत नव्या माणसाला कॉफीचं यंत्र कुठे आहे ते दाखवतात आणि पाठोपाठ हीच फीत दाखवतात.

बाजार तर अशा वेळी मागे राहतच नाही. गोळी अडवणारं दप्तर मिळतं. ते पिस्तुलाची गोळी अडवतं, रायफलची नाही, आणि अलीकडच्या बहुतेक मोठ्या हत्याकांडांत हातात रायफल होती. पण दप्तर दिसतं छान. पारदर्शक दप्तरही मिळतं. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत 14 फेब्रुवारी 2018 ला 17 जण मारले गेले, त्यानंतर तिथल्या मुलांना अशी दप्तरं वाटली. म्हणजे मुलांच्या दप्तरात काय आहे ते सगळ्यांना दिसावं. बंदुकीच्या दुकानात काय आहे ते तर आधीच काचेतून दिसतं. मिशिगनमधल्या फ्रूटपोर्टच्या हायस्कूलने नव्या इमारतीचे व्हरांडे सरळ न ठेवता वाकडे बांधले, नेम धरणाऱ्याला लांबपर्यंत दिसू नये म्हणून. वास्तुशास्त्रात आग्नेय दिशा असते हे ऐकलं होतं, आग्नेयास्त्राची दिशाही असते हे नव्याने कळलं. शाळांच्या सुरक्षेचा हा सगळा धंदा 2021 मध्ये सुमारे 3 अब्ज डॉलरचा होता. खडू-फळ्याच्या धंद्याला कधी एवढी बरकत आली नव्हती.

*

बैल गेला नि झोपा केला, असं आपण म्हणतो. शहरी वाचकांसाठी सांगतो, झोपा म्हणजे झोप नव्हे, गोठ्याचं दार. बैल निसटून गेल्यावर दार करत बसणाऱ्या शेतकऱ्याला आपण हसतो. पण त्या बिचाऱ्याच्या गोठ्यात निदान आता धोका तरी नव्हता! अमेरिकेत बैल गेलेलाच नाही. तो गोठ्यातच शिंगं उगारून उभा आहे, आणि वासरांना झोपा विणायचं प्रशिक्षण चाललं आहे.

बैल किती? स्विस संस्था स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या 2017 च्या अंदाजाप्रमाणे अमेरिकेत नागरिकांच्या हातात 39 कोटींवर बंदुका होत्या. माणसं तेव्हा साडेबत्तीस कोटींच्या आसपास. दर माणशी एक वाटून खाली उरतात त्या उशाला ठेवायच्या.

या गणितात दाराला फार महत्त्व आलं आहे. टेक्ससमधल्या युव्हाल्डीच्या हत्याकांडानंतर तिथले सिनेटर टेड क्रूझ यांनी उपाय सुचवला: शाळेला आत-बाहेर जायला एकच दार ठेवा आणि तिथे सशस्त्र पोलीस उभे करा. मला शिकागो आठवलं. 1 डिसेंबर 1958. 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या शाळेला आग लागली. 92 मुलं आणि तीन नन मेल्या. शाळेची तपासणी काही आठवड्यांपूर्वीच झाली होती आणि शाळा उत्तीर्ण होती. कारण इमारत जुनी, आणि जुन्या इमारतींना नवे नियम लागू नव्हते. जिने उघडे, लाकडी. पाण्याचे फवारे नाहीत. घंटा वाजली तर ती शाळेतच वाजणार, अग्निशमन दलाला कळणार नाही.

त्या आगीनंतर मोठी माणसं कामाला लागली. मुलांना धुरात शांत बसायला शिकवलं नाही. 'आगीचा हक्क' कोणी काढला नाही. देशभर शाळांचे जिने बंद झाले, फवारे आले, घंटा थेट बंबाच्या ठाण्याशी जोडल्या आणि बाहेर पडायचे मार्ग वाढवले. त्या तोडीची आग अमेरिकन शाळेत पुन्हा लागली नाही. आगीची कवायत आजही होते, पण ती शेवटचं कलम आहे, पहिलं नव्हे. आता अग्निशमनवाले म्हणतात दारं वाढवा, सिनेटर म्हणतात एकच ठेवा. शाळेच्या मुख्याध्यापकाने बहुधा खिडकीतून उडी मारावी.

*

बुटांवरून आठवलं. 22 डिसेंबर 2001 ला पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एका माणसाने बुटात दडवलेला बॉम्ब पेटवायचा प्रयत्न केला. पेटला नाही. शेजारच्यांनी त्याला धरून बांधला. मेलं कोणी नाही. त्या एका न पेटलेल्या बुटापायी 2006 पासून अमेरिकेच्या विमानतळांवर आबालवृद्ध अनवाणी झाले. संधिवाताने वाकलेल्या आज्या, मोज्याला भोक पडलेले जावई, पंचा सोडून इतर सगळं उतरवायची तयारी ठेवून गेलेला मी. 2025 च्या जुलैमध्ये तो नियम उठला. एकोणीस वर्षं! कोणी म्हटलं नाही की बूट माणसं मारत नाहीत, माणसं माणसं मारतात. कोणी म्हटलं नाही की सज्जनांचे बूट काढून दुर्जनांना काय फरक पडणार.

आता त्याच रांगेतला दुसरा आकडा ऐका. 2023 मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानातून 6,737 बंदुका निघाल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या. डॅलस-फोर्टवर्थ या यादीत वरच्या नंबरांवर. पकडलेल्यांचं ठरलेलं उत्तर एकच: विसरलो होतो. आपण पिशवीत दह्याचा डबा विसरतो, त्यांच्या पिशवीत भरलेलं पिस्तूल विसरतं. आमचं मेतकूट मात्र एका विमानतळावर अधिकाऱ्याने तीनदा हुंगलं. "ही पिवळी पावडर काय आहे?" असं त्याने विचारलं तेव्हा हिने त्याला भाताबरोबर कसं खायचं ते समजावून सांगितलं. मागच्या रांगेतला एक मराठी माणूस म्हणाला, "काकू, तुपाचं सांगायचं राहिलं."

*

युव्हाल्डीबद्दल तिरकस लिहिणं अवघड आहे. तिथे सत्यच इतकं तिरकस आहे की आपण सरळ लिहावं.

24 मे 2022. रॉब प्राथमिक शाळा. 19 मुलं, दोन शिक्षिका. याच शाळांच्या पोलिसांनी दोनच महिन्यांपूर्वी अशा प्रसंगाचं प्रशिक्षण घेतलं होतं. आराखडा लिहिलेला होता. सूचना देणारं ॲप होतं. सरहद्दीजवळच्या पाठलागांमुळे ते ॲप इतक्या वेळा वाजायचं की लोकांनी ते मनावर घेणं सोडलं होतं. लांडगा आला रे आला. टेक्सस विधिमंडळाच्या चौकशी समितीने जुलैमध्ये अहवाल दिला. त्यात आहे की एका वर्गाच्या दाराचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत ठाऊक होतं, आणि दुरुस्तीचा अर्ज कोणी भरला नव्हता. एवढ्या मोठ्या सज्जतेच्या यंत्रणेत एक कुलूपवाला तेवढा कमी पडला.

पोलीस किती जमले? 376. स्थानिक, जिल्ह्याचे, राज्याचे, केंद्राचे. शूर मराठ्यांच्या बखरीत शोभेल असा आकडा. आत अठरा वर्षांचा एक मुलगा. 77 मिनिटं. आत चौथीतली मुलं शिकवल्याप्रमाणे गप्प पडून होती, कुजबुजत फोनवर पोलिसांना बोलावत होती. पोलीस बाहेर व्हरांड्यात होते. ते किल्ली शोधत होते. समितीच्या मते दार बहुधा उघडंच होतं. कडी फिरवून कोणी पाहिली नाही. शाळांच्या पोलिसांच्या प्रमुखाने वायरलेस संच आत नेले नव्हते, धावताना अडचण होते म्हणून. नंतर तो म्हणाला, मोहिमेचा प्रमुख आपण आहोत असं त्याला वाटलंच नाही. तिथल्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीत एक पोलीस भिंतीवरच्या यंत्रातून जंतुनाशक घेऊन हात चोळताना दिसतो.

मुलांनी कवायत बिनचूक केली. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं.

तिथून तीनच दिवसांनी, 27 मे ला, ह्यूस्टनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचं वार्षिक संमेलन भरलं. ठरलेलंच होतं. डोनाल्ड ट्रम्प यांचं भाषण होतं. भाषणाच्या दालनात बंदूक आणायला मनाई होती. दाराशी धातुशोधक. सीक्रेट सर्व्हिसचा नियम, संघटनेचा दोष नाही, हे मान्य. पण सुरक्षेचं काम ज्यांना खरोखर कळतं त्यांनी हजारो 'बंदूकधारी सज्जन' एका खोलीत बसवताना आधी काय केलं? बंदुका बाहेर ठेवायला सांगितल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पाषाणही वाया जात नाहीत म्हणा. पेनसिल्व्हेनियातल्या ब्लू माउंटन शाळा-जिल्ह्याच्या प्रमुखांनी 2018 मध्ये राज्याच्या विधिमंडळ समितीपुढे सांगितलं की त्यांच्या प्रत्येक वर्गाच्या कपाटात नदीतल्या गोट्यांची एक बादली ठेवली आहे. हल्लेखोर आला की मुलांनी गोटे मारायचे. त्याच राज्यात मिलक्रीक गावी सुमारे 500 शिक्षकांना सोळा इंची छोट्या बेसबॉल बॅटी वाटल्या. प्रमुख म्हणाले, हे मुख्यतः प्रतीकात्मक आहे. कशाचं प्रतीक, ते बॅटवर लिहिलेलं नव्हतं. अश्मयुगापासून सुरुवात केली आहे खरी. पुढे धनुष्यबाण, भाला, ढाल असं करत ही मंडळी कधीतरी 1791 पर्यंत येतील.

*

1791 ला यायलाच हवं, कारण सगळी भांडणं तिथे आहेत. अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती त्या साली झाली. सत्तावीस शब्दांचं एकच वाक्य. आधी सुनियंत्रित नागरी फौजेची गरज सांगितली आहे, मग लोकांच्या शस्त्रं बाळगण्याच्या हक्काला हात लावू नये असं म्हटलं आहे. मध्ये स्वल्पविराम आहेत. किती, आणि ते काय जोडतात आणि काय तोडतात, यावर मोठमोठे वकील भांडत आले आहेत. फौजेसाठी हक्क की फौज असो वा नसो हक्क? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं: हक्क व्यक्तीचा.

आपल्याला याचं नवल वाटू नये. पुण्यात शनिवारवाड्यावर 1773 मध्ये एका अक्षराने काय केलं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'ध'चा 'मा' झाला आणि नारायणराव गारद्यांच्या हाती मेला. त्यानंतर अठराच वर्षांनी अमेरिकेत स्वल्पविराम पडला. आपल्याकडे अक्षर कोणी बदललं यावर निदान दंतकथेत तरी एकमत आहे.

त्या स्वल्पविरामाच्या वेळी हातात ठासणीची बंदूक होती. दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, नेम धरा. सराव असलेला शिपाई मिनिटाला तीनेक बार काढायचा. लास व्हेगासमध्ये 1 ऑक्टोबर 2017 च्या रात्री एका माणसाने हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा पुढे 60 झाला. रायफलला त्याने 'बम्प स्टॉक' नावाचं एक जोड लावलं होतं, त्याने दर गोळीच्या धक्क्यासरशी चाप आपोआप बोटावर आपटत राहतो. ट्रम्प यांच्याच सरकारने या जोडावर बंदी घातली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती उठवली. कारण कायद्यातली मशिनगन चापाच्या 'एका क्रिये'त अनेक गोळ्या झाडते, आणि इथे चाप दर गोळीला स्वतंत्रपणे हलतो. निकालपत्रात चापाच्या आतल्या भागांच्या आकृत्याही आहेत. व्याकरण सुटलं, यंत्रशास्त्र सुटलं, भूमिती सुटली. माणसं मेली होती हे अर्थात वेगळ्या खात्यात.

वाद घालायला जावं तर आणखी एक गंमत. तुम्ही तावातावाने म्हणालात की ही 'एआर' म्हणजे असॉल्ट रायफल बंद करा, की समोरचा शांतपणे म्हणतो, "एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे. आर्मलाइट. कंपनीचं नाव आहे." संपला वाद. तुम्हाला मॅगझीन आणि क्लिप यातला फरकही कळत नाही, तुम्ही काय कायदे करणार? मराठी माणसाला हा डाव नवा नाही. आपण गळा काढून मराठी शाळा बंद पडताहेत असं लिहावं, आणि पहिली प्रतिक्रिया यावी: 'पडताहेत'मधला अनुस्वार चुकला.

दुसऱ्या बाजूचे लोकही धुतल्या तांदळाचे नाहीत. बंदीचं नाव काढायचं आणि करायचं काहीच नाही, यात त्यांचा हातखंडा. दर वेळी बंदीची चर्चा झाली की लोक दुकानात रांग लावतात आणि खप वाढतो. शिवाय शेरीफ यायला अर्धा तास लागतो अशा माळरानावर राहणाऱ्या शेतकऱ्याला न्यूयॉर्कच्या कॉफी हाउसातून "तुला बंदूक कशाला लागते?" असं विचारणं म्हणजे कोरेगाव पार्कातून मेळघाटातल्या माणसाला "कुऱ्हाड कशाला?" विचारण्यासारखं आहे.

*

काही फुटकळ.

वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग गावी सरकारचं केंद्र आहे, गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणी विकत घेतली हे शोधणारं. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरं तिथे येतात, खोक्यांतून, ट्रकभर. कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई आहे, म्हणून या कागदांचा नावाने शोध घेता येईल असा संगणकही चालत नाही. चित्रं काढून ठेवतात आणि माणसं एकेक पान उलटत बसतात. आमच्या सातबाऱ्यावरचे पणजोबांचे तीन चुलतभाऊ मोबाइलवर सापडतात. तलाठी आप्पांना अमेरिकेत पाठवा.

1996 मध्ये काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राला बजावलं की तुमचा पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करायला वापरू नका. केंद्र इतकं भ्यालं की वीसेक वर्षं त्याने या विषयावर संशोधनच जवळजवळ बंद ठेवलं. 2019 च्या अखेरीस पुन्हा पैसे मिळाले. दरम्यान आजार तपासणीशिवाय बराच वाढला होता.

14 डिसेंबर 2012 ला सँडी हुक शाळेत सहा-सात वर्षांची 20 मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी खरेदीदाराची पूर्वचौकशी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये आली. 54 बाजूने, 46 विरुद्ध. दुरुस्ती पडली, कारण 60 लागतात. न्यूझीलंडात क्राइस्टचर्चला 15 मार्च 2019 ला 51 जण मेले. 26 दिवसांत 119 विरुद्ध 1 अशा मतांनी बहुतेक निमस्वयंचलित बंदुका बंद. मुंबईच्या बोलीत पिस्तुलाला घोडा म्हणतात. वरातीमागून घोडं ही म्हण अमेरिकेत उलटी चालते. घोडा आधी, वरात नंतर.

'द ऑनियन' नावाच्या विनोदी नियतकालिकाने 2014 पासून एक लेख लिहून ठेवला आहे. मोठा गोळीबार झाला की गावाचं नाव आणि आकडा बदलून तोच पुन्हा छापतात. बाकी एक अक्षर बदलावं लागत नाही. दर आठवड्याला विषय शोधत भटकणाऱ्या मजसारख्याला याचा हेवा वाटायला हवा. वाटत नाही.

आणि एक, ज्याची कवायत नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. शाळा, मॉल, चर्च इथली सामूहिक हत्याकांडं त्या आकड्याचा अगदी बारका तुकडा. म्हणजे वाकडे व्हरांडे, गोटे, बॅटी, दप्तरं सगळं त्या तुकड्यासाठी. आणि उरलेला माणूस रात्री बेडरूमच्या कपाटाचा खण उघडतो तेव्हा त्या खणाला कुलूप असावं एवढीही सक्ती बऱ्याच राज्यांत नाही. कुलूप, दिवे, दृष्टीआड.

*

आपण फार हसू नये. 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात 32 जण मेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. आणि पुढच्याच वर्षी 26 नोव्हेंबरला मुंबईच्याच सीएसटीवर अतिरेक्यांसमोर आपण काय घेऊन उभे होतो? जुन्या थ्री-नॉट-थ्री. त्या रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून माइकवर प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, म्हणून कित्येक जण वाचले. त्यानंतर आपण स्टेशनांवर धातुशोधक चौकटी बसवल्या. त्यातून रोज लाखो लोक टीं टीं करत जातात. चाव्या वाजतात, डबे वाजतात, छत्र्या वाजतात. शेजारच्या खुर्चीतला पोलीस पेपर वाचतो. हे सदर वाचत असेल तर माझी तक्रार नाही.

*

डिसेंबरात मुलगा, सून, नात पुण्याला आले. आल्या आल्या नातीने बूट घातले. इथे परवानगी होती. सोसायटीतल्या पोरांना हेवा वाटेल असे दिवे पाडत ती जिन्यातून वर-खाली झाली, आणि तासाभरात पोरांनी तिला लपाछपीत घेतलं. दुसऱ्या मजल्यावरच्या चिन्मयवर राज्य होतं. आमचं घर, समोरचं घर आणि मधला जिना एवढी हद्द.

सगळे सापडले. ही सापडेना. चिन्मयने गच्ची पाहिली, पार्किंग पाहिलं, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. मग पोरं ओरडायला लागली, "हरलो आम्ही, ये बाहेर!" ही येईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. हिचा जीव वर-खाली. मग लक्षात आलं की अडगळीच्या खोलीचं दार आतून लागलं आहे.

मी टकटक केली. "राणी, उघड. मी आबा आहे."

काही नाही.

"अगं, खेळ संपला. लाडू देतो. उघड."

हुं की चूं नाही. मी दारावर मूठ उचलली तेवढ्यात सूनबाई मागून आल्या. माझा हात हळूच धरला.

"बाबा, बोलू नका. किल्ली आहे का या दाराची?"

किल्ली खिळ्यांच्या डब्यात होती. सूनबाईंनी बाहेरून कुलूप फिरवलं. गव्हाच्या कोठीमागे, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन नात बसली होती. बूट काढलेले. दिवे लागू नयेत म्हणून फ्रॉकमध्ये गुंडाळून मांडीवर घट्ट धरलेले.

"अगं, मी हाका मारत होतो ना?"

"आवाज ओळखीचा असला तरी उघडायचं नसतं, आबा. ज्याच्याकडे किल्ली असेल तो उघडतो."

चिन्मय दारात उभा राहून हे सगळं पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर अन्याय झाल्याचा भाव होता.

"आजोबा, आम्ही हिला परत नाही घेणार," तो म्हणाला. "मी दोनदा या दाराला कान लावला होता. ही श्वाससुद्धा घेत नाही."